मधली जागा मोकळी ठेवून दिल्लीहून परत

दिल्लीहून आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, लाल किल्ला बघितला का? पनवेलच्या बाजारात कांदेवाला विचारतो, एसटीत कंडक्टर विचारतो. नाही बघितला. मी दिल्लीत एक भिंत बघितली. मुक्कामभर तीच बघितली, आणि तिच्यापायी जेवढा कावलो तेवढा उभ्या जन्मात कुणावर कावलो नव्हतो. ज्याला लाल किल्ल्याचं वाचायचं असेल त्यानं हे इथंच मिटून ठेवावं.

मी दुसरी शिकलेला माणूस. शाळेतून कुणी काढलं नव्हतं, मीच उठून आलो. लिहिणं हळू होतं, पण होतं. आमच्या वाडीच्या शाळेचे मास्तर म्हणाले, "चांगोबा, तुम्ही सांगा, मी नीट करून लिहितो." नको म्हटलं. नीट करणारे लोक मी दिल्लीत पुष्कळ बघून आलोय.

आधी चौक म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही.

आम्ही ठाकर. कर्नाळ्याच्या डोंगराखाली, आपट्याच्या अंगाला आमची वाडी. आमच्यात लग्न असलं की घरातली भिंत शेणानं सारवून, वर गेरू लावून, त्यावर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. काढतात म्हणत नाहीत, लिहितात म्हणतात. भोवती चौकट, चौकटीत नक्षी, बाहेर झाडं, मोर, वाजंत्री, नाचणारी माणसं. आणि मधोमध देवी. चौकट ज्या बाईचा हात चांगला तिनं लिहावी. देवी मात्र सवाशिणीनंच लिहायची. सवाशीण म्हणजे जिचं रीतसर लग्न लागलंय आणि जिचा नवरा जिवंत आहे अशी बाई. देवी भिंतीवर आली की लग्न लागतं. ती नाही आली तर नुसतं जेवण.

आता आमची हिरी. आसपासच्या वाड्यांत तिच्यासारखा हात नाही, हे मी नवरा म्हणून सांगत नाही, कुणालाही विचारा. तिची रेघ एका दमात जाते, मधे कापत नाही. पण हिरी सवाशीण नाही. नवरा जिवंत आहे, तोच हे लिहितोय. लग्न लागायचं राहिलंय.

पनवेलच्या लोकांना हे ऐकून ठसका लागतो. त्यात ठसका लागण्यासारखं काही नाही. आमच्यात पोरगी पसंत पडली, घरात आणली, की संसार सुरू. लग्नाला सगळ्या वाडीला जेवण लागतं, वाजंत्री लागतात, धवळेरीण लागते. धवळेरीण म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी आमची बाई. आम्हाला भटजी लागत नाही. सगळं जमेल त्या वर्षी नवरा-नवरीनं उभं राहायचं. कुणी म्हातारपणी पोराच्याच मांडवात उभा राहतो, आधी बाप, मग पोरगा. आमचं एका वर्षी भात कुजलं. एका वर्षी चुलता गेला. एका वर्षी रस्त्याच्या कामात डोंगरउताराची वरकस जमीन गेली आणि डोकं ठिकाणावर राहिलं नाही. मग राहूनच गेलं. आमचा शंकर आणि त्याची बायको, त्यांचंही आमच्यामागं अडकलेलं, कारण बापाच्या आधी पोराला उभं राहता येत नाही. त्यांना दोन पोरं आहेत. कुणाचं काही बिघडलं नाही.

फक्त हिरीनं एवढ्या वर्षांत सगळ्या वाडीच्या चौकटी लिहिल्या, आणि दर वेळी मधे आली की हातातली काडी दुसरीला द्यायची. ते तिला कसं वाटायचं, हे मी विचारलं नव्हतं. विचारायची रीत नाही.

बोलावणं

दिल्लीला सरकारची एक चित्रांची मोठी गॅलरी आहे. तिथल्या हेम्ब्रम बाई आमच्याकडं राघोच्या पोरीच्या लग्नात आल्या होत्या. राघो माझा चुलतभाऊ. बाई झारखंडच्या, संताळ, म्हणजे आमच्यासारख्याच आदिवासी. पण शिकलेल्या, केस कापलेल्या, खांद्याला क्यामेरा. देशभरच्या आदिवासींची चित्रं गोळा करून लोकांना दाखवायची आणि त्या माणसांनाही बोलवून घ्यायचं, हे त्यांचं काम. भिंतीवरचा चौक बघून त्या खाली बसल्या आणि नक्षी जवळून बघितली. मग विचारलं, "किसने बनाया?" सगळ्या वाडीनं हिरीकडं बोट दाखवलं.

कुणी खोटं बोललं नाही. पण मधली देवी राघोच्या बायकोची, कमळी वहिनीची, हे कुणी सांगितलं नाही. आमच्या रांगत्या पोरालाही ते माहीत असतं. उन्हाळ्यात ऊन पडतं हे कुणी पाहुण्याला सांगतं का?

बोलावणं आलं तेव्हा मी कळवलं, तीन माणसं येणार. आम्ही समजलो, चौकटीला हिरी, देवीला कमळी वहिनी आणि सोबतीला मी. ते समजले, बाई कलाकार आणि बरोबर दोन नातेवाईक.

पनवेल स्टेशन

माघाचा महिना. पनवेलहून दिल्लीची गाडी मिळते, मुंबईला जावं लागत नाही. आम्ही फलाटावर बोचकी घेऊन बसलो. कमळी वहिनी उभ्या जन्मात पेणच्या पलीकडं गेली नव्हती. गाडी धडधडत आली तशी ती खांबाला चिकटली.

"ही रातभर चालते, भावजी?"

"रातभर आन् उद्याचा दिस."

"आन् थांबली नाय तर?"

"थांबते गो."

"पण नाय थांबली तर?"

वहिनीनं बोचकं उचललं. "माझी कोंबडी उघडी हाय," म्हणाली, आणि पुलाच्या पायऱ्या अशा चढली की वीस वर्षांची पोरगी चढणार नाही. मी हाका मारल्या. हिरी पोट धरून हसत होती. गाडी सुटली, पनवेल मागं पडलं, तरी हसत होती.

मी म्हटलं, "हसतीस काय? देवी कोण लिवणार?"

तेव्हा तिचं हसू थांबलं. खिडकीबाहेर बघत बसली.

गाडीतलं फार सांगत नाही, सगळ्यांना गाड्या माहीत आहेत. जेवायला आम्ही भाकरीचं फडकं सोडलं, त्यात सुकट आणि भाजलेले बोंबील. समोरच्या शेठाणीनं नाकाला रुमाल लावला. "ये क्या मरा हुआ है?" मी म्हटलं, "मरी हुई मच्छी है. जिंदी कौन खाता है?" तिचा नवरा भिंतीकडं तोंड करून हसला. बायकोसमोर हसायला त्याला भिंत लागते. आमच्यात हिरी मला तोंडावर "तू येडा हाय" म्हणते आणि शहरातल्या बायका नवऱ्याला अहो-जाहो करतात. पण ऐकतात कुठल्या जास्त, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दिल्ली

दिल्लीत सकाळी काहीच नव्हतं. धुकं. पुढचा माणूस दिसेना. कर्नाळ्यावर पावसात ढग उतरतात तसंच, पण ढगाला ओला वास असतो, ह्याला डिझेलचा. माझ्याकडं घोंगडी होती. हिरीला हेम्ब्रम बाईंनी स्वतःचा स्वेटर दिला, तो तिनं लुगड्यावर उलटा घातला आणि उलटाच ठेवला; बटणं पाठीला असली की थंडी आत येत नाही म्हणाली.

गेस्टहाऊसवर पाटी, मांस-मच्छी आणू नये. तीन जेवणं रोटी आणि पनीर. पनीर म्हणजे दुधाचं रबर. दुसऱ्या दिवशी हिरीनं मागल्या अंगणात काटक्या पेटवून दोन बोंबील भाजले. राखणदार काठी घेऊन ओरडत आला. त्याच्या मागून आचारी धावत आला, तो बंगाली. त्यानं राखणदाराला बाजूला केलं, एक तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "शुटकी," म्हणाला. सुक्या मासळीला त्यांच्याकडं ते नाव. त्या दिवसापासून आम्हाला रोटी आली नाही, भात आला. दिल्लीत मला न विचारता माझं कळलं असा तो एक माणूस.

गॅलरी म्हणाल तर बाहेरून धरणाच्या भिंतीसारखी आणि आतून दवाखान्यासारखी. फरशी इतकी गुळगुळीत की मी चपला हातात घेतल्या. एका दालनात आदिवासींसाठी जागा. त्यांनी आमच्यासाठी भिंत तयार ठेवली होती. भिंत म्हणजे लाकडाची फळी, तिला मातीच्या रंगाचा ऑइलपेंट.

हिरीनं फळीला नाक लावलं. "हे कपाट हाय," म्हणाली.

शेण चालणार नाही, वास येतो, किडे येतात, बाजूच्या चित्रांना बाधतं. मी म्हटलं, बाजूची चित्रं कुणाची आहेत? तीही आमच्यासारख्यांचीच ना? त्यांना कधी शेणानं बाधलं? शेवटी हेम्ब्रम बाईंनी कुठूनशी एक माती लिंपलेली फळी आणवली. बरी होती. पांढऱ्या रंगाच्या नळ्या पुढं केल्या, त्या हिरीनं हातातही घेतल्या नाहीत. गेस्टहाऊसचा बासमती दळून बघितला, तो वाळला की पापुद्रा धरून सुटायचा. मग आमच्या खाण्यासाठी आणलेल्या वाडीच्या जाड्या तांदळाची पुरचुंडी सोडली आणि ते पीठ भिंतीला धरलं. मला त्या भाताचं वाईट वाटलं.

हिरी लिहायला बसली. काडीचं टोक दातांनी ठेचलं, वाटीत बुडवलं, आणि रेघ सुरू झाली. येणारेजाणारे थांबायला लागले. बाजूच्या भिंतीवर मधुबनीची एक बाई मासे काढत होती. हिला तिची भाषा येईना, तिला हिची. तरी दोघी दिवसभर बोलत होत्या. काय बोलत होत्या विचारलं तर म्हणे, "सुनांचं."

संध्याकाळी कामगारांनी चित्रापुढं दोरी बांधली. दुसऱ्या सकाळी हिरी दोरी ओलांडायला गेली तर गणवेशातला पहारेकरी आडवा. "छूना मना है." मी म्हटलं, अरे बाबा, तिनंच काढलंय. तो म्हणाला, "सब यही बोलते हैं." सब यही बोलते हैं! हाताला अजून पीठ लागलेलं, आणि सब यही बोलते हैं. मी तिथं जो आवाज काढला तो वाडीवर वाघरू आलं तेव्हा काढला होता. हेम्ब्रम बाई धावत आल्या, त्याला समजावलं, दोरी निघाली. हिरी मला म्हणाली, "तू बाहेर जाऊन बस."

बाहेर शाळेतली पोरं आली होती. ह्याला ते समाजासाठी कार्यक्रम म्हणतात. कागदाच्या ताटल्यांवर पोरं काड्यांची माणसं काढत होती. एका मास्तरणीनं माझ्या गळ्यात ढोल अडकवून फोटोला उभं राहायला सांगितलं. ढोल कुठला कुणास ठाऊक, आमचा नव्हता. मी म्हटलं, मी वाजंत्री नाही. मी लग्नात जेवायला जातो. ती म्हणाली, "थोडा डान्स?" मी ढोल तिच्या गळ्यात घातला. पोरं खूष झाली. ती नाही झाली.

रिकामी जागा

तिसऱ्या दिवशी चौकट पुरी झाली. असली चौकट हिरीनं वाडीवरही लिहिली नव्हती. एका कोपऱ्यात खांबाला चिकटलेली बाई होती, बगलेत कोंबडी. ती कोण ते मी ओळखलं. आणि मधोमध, जिथं देवी, तिथं कोरी माती.

हिरीनं वाटी पालथी घातली, हात पुसले.

गॅलरीचे मोठे साहेब आले. पांढरी दाढी, सुती कुडता, बोलणं गोड. त्यांनी हातातला फोटो बघितला, भिंत बघितली. "और देवी?"

मी सांगितलं, जेवढं माझ्या हिंदीत बसलं तेवढं. देवी सवाशीण लिहिते. सवाशीण पनवेलच्या फलाटावरून परत गेली. का? कोंबडी उघडी होती. साहेब हसले. मला वाटलं कळलं. ते म्हणाले, परवा उद्घाटन आहे, माताजी स्वतःच काढतील, त्यांचा हात तर किती सुंदर आहे.

"नाही काढणार," मी म्हटलं.

"लेकिन क्यों? यहाँ आपके गाँव का कौन है?"

हे ऐकून माझं डोकं फिरलं, पण जास्त फिरलं ते वेगळ्या कारणानं. त्याच सकाळी हिरवळीवर उन्हात बसलो असताना हिरीनं हेच शब्द म्हटले होते. "हितं वाडीचं कोन हाय? लिवू का?"

मी म्हटलं होतं, "देवी हाय ना."

"मंग देवीला ठावं हाय मी कवापासून तुझ्या घरात हाय."

"तशी रीत नाय."

"नाय," ती म्हणाली. स्वेटरच्या बाह्या ओढून बसली. हट्ट केला नाही. हिरी हट्ट करत नाही, गप्प बसते. मला विचाराल तर हट्ट बरा.

दुपारी साहेबांनी दिल्लीचाच एक चित्रकार आणला. चांगला चाळिशीचा बुवा, कानात बाळी, हातात आमच्या राघोच्या घरातल्या देवीचा फोटो. तो फोटो बघून मधली देवी भरणार. पुरुष! हातात नळीतला रंग! बामणानं मशिदीत बांग द्यावी असली ही तऱ्हा. त्यानं नमस्कार केला, मी नाही केला. मी चौकटीपुढं जाऊन फरशीवर बसलो, पाठ बरोबर मधल्या जागेला लावली.

"बाबा, हटिए," तो म्हणाला.

"तू लग्न लावणार कुणाचं?" मी मराठीत विचारलं. "देवी बोलावतोस, ती आली तर तिला सांगणार काय? नवरा कुठाय? नवरी कुठाय?"

त्याला मराठी कळलं नाही, पण माझी बैठक कळली. तो बिचारा नळ्या गोळा करून गेला. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला कामाला लावलं होतं. साहेब मात्र गेले नाहीत. दूर उभे राहून डोकं तिरपं करून माझ्या पाठीमागच्या जागेकडं बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, नाही, हेच छान आहे. रिकामंच राहू द्या.

मी उठलो. जिंकलो असं वाटलं. चहा प्यायलो.

तासाभरानं पाटी छापून आली. चित्राखाली लावायची, इंग्रजीत आणि हिंदीत. हेम्ब्रम बाई ती घेऊन उभ्या होत्या आणि लावत नव्हत्या. मी विचारलं, काय लिहिलंय? त्या नको म्हणत होत्या. मी अडून बसलो. मग वाचली. रिकामा मध्य म्हणजे आदिवासींची हिरावलेली जमीन. हरवलेली देवी. मावळत चाललेल्या जमातीचा मूक आक्रोश.

अहो, कोण मावळलं? मी इथं घोंगडी पांघरून उभा आहे. माझ्या घरात दोन नातवंडं आहेत. जमीन गेली हे खरं, रस्त्यात गेली, त्याचा आक्रोश मी तहसीलदाराच्या दारात मोठ्यानं केलाय, मूक नाही केला. ते त्या भिंतीवर कुठं होतं? आणि देवी हरवली? तिला अजून बोलावलंच नाही तर हरवेल कशी? पाहुणा निघालाच नाही आणि तुम्ही पोलिसात वर्दी देता! बाईंना म्हटलं, ही पाटी लागली तर मी फळी खांद्यावर घालून पनवेलला नेईन. आणि नेली असती.

हेम्ब्रम बाई सगळं ऐकून घेत होत्या. मला वाटलं आता त्या सायबाची बाजू घेतील किंवा माझी. त्यांनी दोन्ही घेतल्या नाहीत. माझ्या शेजारून पुढं गेल्या आणि हिरीसमोर उकिडव्या बसल्या.

"काकी, आपको क्या चाहिए?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. साहेबांनी नाही, बाळीवाल्यानं नाही. मीही नाही.

हिरीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मना देवी लिवायची हाय," म्हणाली. "पन हितं नाय. घरी. सवाशीन हून."

"तो फिर?"

"मंग काय!" आता तिनं माझ्याकडं बोट केलं. "हा दिल्लीवाल्यांवर वरडतोय. दिल्लीवाल्यांनी काय केलंय? मधली जागा ह्याच्यापायी रिकामी हाय."

बाईंना किती कळलं देव जाणे. पण बोट कळलं. मी भात कुजल्याचं सांगायला लागलो, चुलत्याचं सांगितलं, रस्त्याचं सांगितलं. बाईंनी हात वर केला. "चाचा, हमारे यहाँ भी यही है. औरत के लिए नियम, आदमी के लिए फुरसत."

मी त्यांना म्हटलं, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला आमचं कळायचं नाही. त्या म्हणाल्या, माझ्या आईचंही म्हातारपणीच लागलं, मी तांदूळ टाकायला होते.

"पाटी पर क्या लिखूँ?" त्यांनी हिरीला विचारलं.

हिरी म्हणाली, "लिव, ह्या घरचं लगीन लागायचं हाय. लागलं का देवी येल."

"अगं ए!" मी ओरडलो. "सगळ्या दिल्लीत सांगतेस?"

"खोटं हाय?"

बाई साहेबांशी आत जाऊन भांडल्या. दार बंद होतं, तरी आवाज बाहेर येत होता. बाहेर आल्या तेव्हा कान लाल होते. जुनी पाटी त्यांनी माझ्या हातात दिली, फाडायला. जाड पुठ्ठा होता. गुडघा लावून मोडली.

उद्घाटन

नवी पाटी तीन भाषांत लागली. मराठी मीच मागितली होती, आधी, रागाच्या भरात, आमचं चित्र तर आमची भाषा हवी म्हणून. त्याचा पश्चात्ताप लगेच झाला.

माणसं येत. चौकट बघत. मधल्या जागेशी थांबत. खाली वाकून पाटी वाचत. मग सरळ होऊन हिरीकडं बघत, आणि मग माझ्याकडं. दिवसभर. एका सरदारजीनं पाठीवर थाप मारली, "बाबाजी, शादी में बुलाना!" पुण्याकडची एक जोडी दिल्लीत नोकरीला होती, त्या बाईनं मराठीत विचारलं, "आजोबा, मुहूर्त कधीचा?" आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं. कॉलेजच्या पोरी हिरीभोवती घोळका करून बसल्या. ती त्यांना काय सांगत होती कुणास ठाऊक, पोरी माझ्याकडं बघून खिदळत होत्या. तो कानात बाळीवाला चित्रकारसुद्धा आला, पाटी वाचली, आणि मला वाकून नमस्कार केला. तो नमस्कार होता की टोमणा, मला अजून उमगलेलं नाही.

मूक आक्रोश परवडला असता. मावळती जमात म्हटलं असतं तर निदान माझं एकट्याचं नाव नव्हतं. आता साऱ्या हिंदुस्थानाला कळलं की पनवेल तालुक्यातल्या एका म्हाताऱ्यानं बाईलीशी अजून लग्न लावलेलं नाही. वाडीवर त्यात लाज नव्हती, मी वर लिहिलंच आहे. पण वाडीवर ते भिंतीवर लिहिलेलं नव्हतं.

परतीच्या गाडीत हिरी म्हणाली, "कावलास?"

"नाय."

"बोंबील खा."

सुरतेच्या पुढं मी म्हटलं, "चैतात करू." तिनं विचारलं नाही काय करू. बोंबलाचा काटा काढून माझ्या भाकरीवर ठेवला.

पनवेल

फलाटावर कमळी वहिनी घ्यायला आली होती, आम्हाला वाटलं मायेनं. खरं म्हणजे गाडी खरोखर परत येते का ते बघायला आली होती.

चैत्रात मांडव घातला. बाकीचं लग्न सगळ्यांनी खाल्लं-प्यायलं आहे, त्याचं वर्णन कशाला? आधी आमचं. त्या चौकातली देवी कमळी वहिनीनं लिहिली, हिरी नवरी होती म्हणून तिला काडी धरता येत नव्हती. धवळेरणीनं गाणी म्हटली, आम्ही उभे राहिलो, नातवंडांनी तांदूळ मारले, नेम धरून डोळ्यात मारले.

दुसऱ्या दिवशी शंकरचं. भिंत पुन्हा सारवली, नवा गेरू, नवं पीठ. हिरीनं चौकट लिहिली. झाडं, मोर, वाजंत्री. चौकट पुरी झाली आणि तिनं न बघता हात मागं केला. काडी देण्यासाठी. सवयच ती. मागं बायका बसल्या होत्या, कमळी वहिनी सगळ्यांत पुढं. वहिनीनं स्वतःचे हात पदरात घातले.

"आता कुनाला देतेस गो?"

हिरीचा हात तसाच मागं राहिला. मग तिनं तो हळूच पुढं घेतला. काडीचं टोक परत दातांनी ठेचलं, ठेचलेलंच होतं तरी. धवळेरीण म्हणायची थांबली नाही. मी दारात उभा होतो, पुरुषानं आत जायचं नसतं. तिची पाठ दिसत होती आणि कोपर. कोपर एकदाही थांबलं नाही. ती बाजूला झाली तेव्हा देवी आली होती.

मी रडलो असं शंकर सांगतो. चुलीचा धूर होता.

हे झाल्यावर मला एक गोष्ट झोंबायला लागली. दिल्लीच्या भिंतीवर अजून लिहिलेलं, ह्या घरचं लग्न लागायचं आहे. लागलंय ना आता! रोज शेकडो माणसं ती पाटी वाचणार आणि मला बिनलग्नाचा समजणार. वाडीवर मोबाइलची रेंज येत नाही. बाजाराच्या दिवशी शंकरचा फोन घेऊन पनवेलला गेलो, एसटी स्टँडच्या कोपऱ्यात उभं राहून हेम्ब्रम बाईंना लावला.

"बाई, पाटी बदला. लग्न लागलं."

बाई तिकडं आरडल्या, हसल्या, हिरीला सलाम सांगा म्हणाल्या. मग म्हणाल्या, आता काकींना घेऊन या. आता त्या सवाशीण आहेत. मधली जागा भरून जाऊ दे.

हिरी शेजारी सुक्या बोंबलांचा भाव करत होती. मी विचारलं. तिनं मानही वर केली नाही. "तिकडं लगीन कुनाचं हाय?" म्हणाली.

तेच मी बाईंना सांगितलं. "लिहून घ्या, बाई. लग्न लागलं. देवी घरी आली. जिला, ज्याला बघायची असेल त्यानं पनवेलला उतरावं, पेणच्या एसटीत बसावं, कर्नाळ्याच्या खिंडीत मागचं दार धरून उभं राहावं, खिंड उतरली की कंडक्टरला ठाकरवाडी सांगावं. तिथून पायवाट. कुत्रं भुंकेल, चावत नाही. कुणाच्यातरी लग्नात यावं, एरवी देवी दिसणार नाही."

"चाचा," बाई म्हणाल्या, "इतनी जगह कहाँ है पाटी पर?"

"मग मधे लिहा," मी म्हटलं. "तिथं मोकळीच आहे."

बाई हसायला लागल्या. मी हसलो नाही. मी खरंच सांगत होतो.